जड पाणी आणि घरातील जुने मृदुजल यंत्र

वाशिम जिल्ह्याच्या रिसोड तालुक्यातील केनवड हे गाव दख्खनच्या काळ्या कातळाच्या प्रदेशात वसलेले आहे. या कातळाच्या फटींतून आणि वरच्या काळ्या मातीतील चुनखडीच्या थरांतून पाणी झिरपते, तेव्हा ते चुना व मॅग्नेशियम ही द्रव्ये विरघळवून आपल्याबरोबर घेऊन जाते. अशा पाण्यास लोक ‘जड पाणी’ म्हणतात. पाठ्यपुस्तकांत त्यास दुष्फेन पाणी असे नाव आहे. त्याच्या खुणा प्रत्येक गृहिणीस ठाऊक असतात. पातेल्याच्या तळाशी पांढरी पुटे धरतात, साबणास फेस येण्याऐवजी दह्यासारख्या गुठळ्या होतात, धुतलेले कापड ताठर राहते, आणि तुरीची डाळ कितीही वेळ चुलीवर ठेवली तरी तिचे दाणे मोडत नाहीत. डाळीच्या सालीतील व पेशींतील पेक्टिन या द्रव्याशी पाण्यातील चुना जखडून बसतो, हे त्याचे कारण होय. तुरीचे पीक घेणाऱ्या भागातच तुरीची डाळ शिजू नये, ही गोष्ट थोडी गमतीची असली तरी इंधनाच्या खर्चाच्या दृष्टीने गमतीची नाही.

भारतीय मानक ब्यूरोने २०१२ साली सुधारलेल्या पिण्याच्या पाण्याच्या मानकात एकूण कठीणपणाची स्वीकारार्ह मर्यादा लिटरमागे २०० मिलिग्रॅम ठरविली आहे. दुसरा स्रोत उपलब्ध नसेल तर ६०० मिलिग्रॅमपर्यंतचे पाणी चालू शकते. याहून अधिक कठीण पाणी विंधन विहिरींना लागण्याचा संभव असतोच. म्हणून ज्यांनी पक्के घर बांधले, छपरावर सौर बंब बसविला, अशा काही कुटुंबांनी पाणी मऊ करणारे यंत्र, म्हणजे सॉफ्टनर, घेतलेले असते. यंत्र नवे असते तोवर त्याकडे कोणी पाहत नाही. दहा-बारा वर्षे लोटल्यावर मात्र बंबात पुन्हा पुटे धरू लागतात, साबण फाटू लागतो, आणि ‘यंत्र संपले, नवे घ्या’ असा सल्ला मिळतो. हा सल्ला कधी खरा असतो, पुष्कळदा नसतो. नव्या यंत्रावर हजारो रुपये घालण्यापूर्वी कोणकोणत्या गोष्टी पाहावयास हव्यात, हे ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांस व शेतकरी बंधूंस माहीत असावे, या हेतूने पुढील विवेचन केले आहे.

यंत्राचे मूळ मातीत आहे

या यंत्राचे काम समजण्यास शेतकऱ्याइतका योग्य माणूस दुसरा नाही, कारण ज्या तत्त्वावर ते चालते त्याचा शोध शेतीच्या मातीतच लागला. इंग्लंडमधील यॉर्कशायर परगण्याचे जमीनदार एच. एस. थॉम्पसन व रसायनशास्त्रज्ञ जे. टी. वे यांनी १८५० च्या सुमारास असे दाखवून दिले की, मातीतून अमोनियाच्या क्षाराचे पाणी ओतले तर अमोनिया मातीत अडकून राहतो आणि त्याच्या मोबदल्यात चुना बाहेर पडतो. म्हणजे माती ही देवाणघेवाण करणारी वस्तू आहे. पुढे माणसाने हेच काम करणारे कृत्रिम पदार्थ बनविले. १९३५ साली इंग्लंडमध्ये अ‍ॅडम्स व होम्स यांनी कृत्रिम राळ, म्हणजे रेझिन, या कामी वापरण्याची पद्धत प्रसिद्ध केली.

घरातील यंत्राच्या उभ्या टाकीत अशाच राळेचे मोहरीहून बारीक, पिवळसर गोल मणी भरलेले असतात. त्यांच्या अंगावर सोडियम चिकटलेला असतो. जड पाणी त्यांतून जाताना मणी पाण्यातील चुन्याचा एक कण धरून ठेवतात व सोडियमचे दोन कण सोडतात. काही काळाने मण्यांवरील सोडियम सरतो. मग शेजारच्या पिंपातील मिठाचे दाट पाणी त्यांवरून नेले की, सोडियमच्या गर्दीपुढे चुना हटतो, गटारात वाहून जातो, आणि मणी पुन्हा ताजे होतात. यास पुनर्भरण म्हणतात. यंत्रात पाणी ‘गाळले’ जात नाही, अदलाबदल होते, ही गोष्ट एकदा ध्यानात आली म्हणजे बहुतेक बिघाडांचे कारण आपोआप उलगडते.

यावरून आणखी एक गोष्ट निघते. अकोला, अमरावती व बुलढाणा या जिल्ह्यांतील पूर्णेच्या खोऱ्यात जो खारपाणपट्टा आहे तेथील पाणी खारट आहे, आणि खारटपणा व जडपणा हे दोन निरनिराळे दोष आहेत. मृदुजल यंत्राने खारटपणा तसूभरही कमी होत नाही. नायट्रेट, फ्लोराइड किंवा रोगजंतूही त्याने जात नाहीत. खारे पाणी गोड करण्यासाठी कोणी हे यंत्र विकत असेल तर घेणाऱ्याची ती फसवणूक होय.

आधी पाणी तपासावे

यंत्र बिघडले असे ठरविण्यापूर्वी पाण्याची साक्ष घ्यावी. त्यासाठी सारख्या आकाराच्या तीन स्वच्छ बाटल्या घ्याव्यात. पहिलीत पावसाचे धरून ठेवलेले पाणी, ते नसल्यास इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालावयाचे शुद्ध पाणी. दुसरीत विंधन विहिरीचे, म्हणजे यंत्रापूर्वीचे पाणी. तिसरीत यंत्रातून निघालेले पाणी घालावे. अंगाच्या साबणाचा चुरा शुद्ध पाण्यात विरघळवून त्याचे थेंब प्रत्येक बाटलीत मोजून घालावेत व बाटली हलवावी. फेस टिकून राहण्यास पहिल्या बाटलीस थोडेच थेंब लागतात, दुसरीस पुष्कळ लागतात व पाणी गढूळ होते. तिसरी बाटली पहिलीसारखी वागली तर यंत्र ठीक आहे. दुसरीसारखी वागली तर बिघाड आहे. या प्रयोगास कपडे धुण्याची पावडर चालत नाही, कारण ती जड पाण्यातही फेस देते.

नेमका आकडा हवा असेल तर थेंब मोजण्याचा तपासणी संच वापरावा. त्यात पाण्याचा तांबडा रंग निळा होईपर्यंत थेंब घालावयाचे असतात. २०१९ साली सुरू झालेल्या जल जीवन मिशनमध्ये गावोगावी क्षेत्र तपासणी संच देऊन महिलांना ते वापरण्याचे शिक्षण देण्याची योजना होती. गावात असा संच व तो चालविणारी व्यक्ती असल्यास तिचे साहाय्य घ्यावे. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळेतूनही पाण्याची तपासणी करून घेता येते.

पाण्याचा नमुना कोठून घेतला यास फार महत्त्व आहे. स्वयंपाकघरातील नळाचे पाणी जड निघाले म्हणून लगेच यंत्रास दोष देऊ नये. यंत्राच्या तोंडाशीच नमुना घ्यावा. तेथे पाणी मऊ व नळास जड असेल, तर दोष वाटेत आहे. अशा वेळी बहुधा यंत्रास वळसा घालून जाणाऱ्या नळीची चावी अर्धवट उघडी राहिलेली आढळते. मुलांनी खेळताना फिरविलेली किंवा प्लंबरने उघडून विसरलेली ही एक चावी घट्ट बंद केल्याने ‘संपलेले’ यंत्र त्याच दिवशी चालू लागते.

दुसरी शक्यता अशी की, यंत्र तेच आहे पण पाणी बदलले आहे. जुनी विहीर आटल्यावर खोल विंधन विहीर घेतली, किंवा उन्हाळ्यात पातळी खाली गेली, तर कठीणपणा वाढू शकतो. घरात सून आली, नातवंडे आली, पाण्याचा खर्च दुप्पट झाला, आणि पुनर्भरण मात्र पूर्वीच्याच हिशेबाने दर आठवड्यास चालले आहे, असेही होते. म्हणून हिशेब पुन्हा मांडावा.

समजा, यंत्रात २५ लिटर राळ आहे. पुनर्भरणास राळेच्या दर लिटरमागे १६० ग्रॅम, म्हणजे एकूण ४ किलो मीठ दिले, तर दर लिटर राळ सुमारे ५० ग्रॅम कठीणपणा धरते. एकूण १,२५० ग्रॅम. पाण्याचा कठीणपणा लिटरमागे ५०० मिलिग्रॅम, म्हणजे अर्धा ग्रॅम असेल, तर २,५०० लिटर पाणी मऊ होईल. घरात रोज ४०० लिटर मऊ पाणी लागत असेल तर सहाव्या दिवसाच्या शेवटी पुनर्भरण करावयास हवे. हाच कठीणपणा उन्हाळ्यात ७५० झाला तर चौथ्या दिवशीच राळ थकेल. सहा दिवसांची सवय लागलेल्या घरात मग दोन दिवस जड पाणी येते, आणि दोष यंत्राच्या माथी जातो.

येथे एक गोष्ट मुद्दाम सांगावयास हवी. जास्त मीठ घातल्याने यंत्र जास्त चालते अशी समजूत आहे. मीठ दुप्पट केले तरी राळेची क्षमता दुप्पट होत नाही. फार थोडी वाढते व उरलेले मीठ गटारात जाते. उलट ४ किलोंऐवजी २ किलो मीठ वापरल्यास क्षमता निम्मी न होता सुमारे पाऊणपट राहते. पुनर्भरण थोडे लवकर करावे लागते, त्यास पाणीही अधिक लागते, पण वर्षाच्या हिशेबात मिठाची मोठी बचत होते. वरील उदाहरणातील घरास ४ किलोंच्या पद्धतीने वर्षास सुमारे २३५ किलो मीठ लागेल, तर २ किलोंच्या पद्धतीने सुमारे १५५ किलो.

मिठाचे पिंप

जुन्या यंत्रातील निम्म्याहून अधिक कटकटी मिठाच्या पिंपात सापडतात, असे म्हणण्यास हरकत नाही. पावसाळ्याच्या दमट हवेत मिठाचे खडे एकमेकांस चिकटून पिंपात आडवे कवच तयार होते. वरून पाहणाऱ्यास पिंप भरलेले दिसते, पण कवचाखाली पोकळी असते, पाण्याचा मिठाशी संबंध येत नाही, आणि पुनर्भरण नुसत्या पाण्याने होत राहते. लाकडी दांडीने हळूच टोचून पाहावे. कवच लागल्यास फोडावे. पहारीने किंवा सळईने धसमुसळेपणा केल्यास आतील नळी व तरंगती झडप मोडते. पिंप काठोकाठ भरून ठेवण्याऐवजी निम्मे भरणे बरे.

मीठ कोणते घ्यावे? खाण्याचे बारीक आयोडीनयुक्त मीठ महाग पडते व तळाशी थिजून बसते. गुरांसाठी आणतात ते जाडे खडेमीठ स्वस्त असते, परंतु त्यात वाळू, माती व जिप्सम यांची भेसळ असते, आणि हीच घाण पुढे बारीक छिद्रे बुजविते. खडेमीठच वापरावयाचे असल्यास ते बादलीत विरघळवून, निवळू देऊन, जाड फडक्यातून गाळून मगच पिंपात ओतावे. वर्षातून एकदा, पावसाळा संपल्यावर दिवाळीच्या साफसफाईत पिंप रिकामे करून तळाचा गाळ काढून टाकावा.

द्रावण पुरेसे दाट आहे किंवा नाही, हे पाहण्यास जुनी रीत पुरेशी आहे. ताजे अंडे साध्या पाण्यात बुडते आणि शंभरात दहा-बारा भाग मीठ असलेल्या पाण्यावर तरंगते. बाजरीच्या बियाण्यातील अरगटाच्या गाठी वेगळ्या करण्यासाठी १० लिटर पाण्यात २ किलो मीठ घालण्याची शिफारस कृषी खात्याकडून होत आली आहे. ज्यांनी ती प्रक्रिया केली आहे त्यांस दाट मिठाचे पाणी हाताळण्याची सवय असतेच. पिंपाच्या तळाचे पाणी तर याहूनही दाट असावयास हवे, कारण तेथे न विरघळलेले मीठ शिल्लक असते. अंडे बुडाले, तर मीठ नाही किंवा कवच धरले आहे असे समजावे.

आता पुनर्भरण चालू असताना पिंपातील पाण्याची पातळी पाहावी. ती खाली जात नसेल तर यंत्र मिठाचे पाणी ओढीत नाही. हे ओढण्याचे काम झडपेतील एक अरुंद तोटी करते. तिच्यातून पाणी वेगाने जाते आणि त्या वेगाने बाजूचे द्रावण खेचले जाते. वाळूचा एक कण अडकला तरी ओढ थांबते. पाणी बंद करून, दाब सोडून, तोटी काढावी, कोमट पाण्यात धुवावी, आणि छिद्र खराट्याच्या मऊ काडीने मोकळे करावे. सुई किंवा तार घालू नये. छिद्र केसभर मोठे झाले तरी ओढ कायमची कमी होते. तोटीच्या अलीकडील जाळी व नळीचे सांधे पाहावेत. नळी उंदरांनी कुरतडलेली असेल तर द्रावणाऐवजी हवा ओढली जाते. धान्याच्या कोठारालगत यंत्र बसविणाऱ्यांना याचा अनुभव येतो.

तोटी स्वच्छ असूनही ओढ नसेल तर दाबाचा विचार करावा. पाण्याच्या १० मीटर उंचीने चौरस सेंटिमीटरवर सुमारे १ किलोचा दाब मिळतो. एकमजली घराच्या गच्चीवरील टाकी नळापासून जेमतेम तीन-चार मीटर उंच असते, म्हणजे दाब अर्धा किलोही नसतो. पुष्कळ यंत्रांची तोटी याहून कितीतरी अधिक दाबासाठी केलेली असते. अशा घरी पुनर्भरण पंप चालू असतानाच करावे. ज्यांच्या यंत्रावर विजेचे घड्याळ आहे त्यांनी घड्याळाची वेळ दर पंधरवड्यास ताडून पाहावी. वीज खंडित होत राहिल्याने घड्याळ मागे पडते, रात्री दोनला व्हावयाचे पुनर्भरण सकाळी आठला होते, आणि त्या वेळी घरातील माणसे स्नान करीत असल्याने जड पाणी सरळ टाकीत जाते. घड्याळाचे यंत्र निकामी झाल्यास, त्याच मापाची हाताने फिरवावयाची झडप बसते का, हे आधी विचारावे. ती स्वस्त असते व तीस विजेची गरज नसते.

राळेचे वार्धक्य

एवढे सर्व पाहूनही पाणी जडच येत असेल तर राळ तपासावी. वरची झडप उतरवून मूठभर मणी ओले असतानाच तळहातावर घ्यावेत. चांगले मणी गोल, चकचकीत व टणक असतात. चिमटीत दाबले तरी चिरडत नाहीत. मणी फुटून पीठ झाले असेल, किंवा बोटांत साबुदाण्यासारखे मऊ लागत असतील, तर राळ संपली. साधारणतः चांगली निगा राखल्यास राळ दहा ते पंधरा वर्षे काम देते.

मणी शाबूत पण रंग विटकरी झाला असेल, तर लोहाचा लेप बसला आहे. विंधन विहिरीचे लोखंडी केसिंग व जुने गंजलेले नळ यांतून लोह येते. हा लेप निघू शकतो. बाजारात लिंबूसत्त्व म्हणून मिळणारे सायट्रिक आम्ल पाण्यात विरघळवून त्या सौम्य द्रावणात राळ रात्रभर ठेवावी, सकाळी उलट्या प्रवाहाने भरपूर धुवावी, व मग दुप्पट मीठ देऊन एक पुनर्भरण करावे. उत्पादकाच्या पुस्तिकेत प्रमाण दिलेले असल्यास तेच पाळावे. या कामात ब्लीचिंग पावडर जवळपासही आणू नये. आम्ल व ब्लीचिंग पावडर एकत्र आल्यास विषारी क्लोरीन वायू निघतो.

ब्लीचिंग पावडरचा राळेशी दुसराही संबंध आहे. क्लोरीनमुळे मणी फुगून मऊ पडतात. विहीर किंवा टाकी शुद्ध करताना मोठी मात्रा दिली असेल तर पाण्याचा वास जाईपर्यंत यंत्रास वळसा देऊन पाणी घ्यावे. परंतु राळ वाचविण्यासाठी पाणी निर्जंतुक करणे कोणी टाळू नये. राळ पुन्हा विकत घेता येते; अतिसाराने दगावलेले मूल परत मिळत नाही. घरातील साठवणीच्या टाकीत क्लोरीन टाकावयाचे असेल तर ते यंत्रानंतरच्या टाकीत टाकावे, म्हणजे दोन्ही गोष्टी साधतात.

नळातून पिवळे मणी येऊ लागले तर टाकीच्या तळाची जाळी फुटली आहे. राळ बदलून हा दोष जाणार नाही, जाळीच बदलावी. मणी गटाराच्या बाजूने जात असतील तर उलट्या धुलाईचा जोर फार आहे. गटाराच्या तोंडाशी पांढरे फडके धरले की हे लगेच कळते. काही वर्षे असेच चालले तर टाकी अर्धी रिकामी होते, आणि मालकास वाटते की यंत्र म्हातारे झाले.

घरातील माणसे दोन-तीन महिने बाहेरगावी जाणार असतील तर टाकी भरलेलीच ठेवावी. राळ कोरडी पडून एकदम साध्या पाण्यात भिजली तर मणी तडकतात. चुकून वाळलीच, तर प्रथम दाट मिठाच्या पाण्यात भिजवावी. परतल्यावर साचलेले पाणी सोडून द्यावे व एक पुनर्भरण केल्यावरच वापर सुरू करावा. यंत्र सावलीत असावे. ट्रॅक्टर व अवजारांजवळ मिठाचे पिंप ठेवू नये, कारण मिठाची आर्द्रता लोखंड खाते.

खारे सांडपाणी कोठे सोडावे

आतापर्यंत यंत्राचा विचार झाला. शेतकऱ्याच्या दृष्टीने याहून महत्त्वाचा प्रश्न पुनर्भरणाच्या सांडपाण्याचा आहे, आणि तो सर्वांत दुर्लक्षित आहे. ‘पाणी वाया कशाला घालवावे’ या चांगल्या हेतूने पुष्कळ ठिकाणी सांडपाण्याचा नळ परसबागेत सोडण्याचा मोह होतो. वर काढलेल्या हिशेबाप्रमाणे २३५ किलो मीठ एका गुंठ्यात गेले, तर चौरस मीटरमागे सव्वादोन किलोंहून अधिक पडते. एवढ्या मिठाने लिंबू, पपई, कढीलिंब जळतील हे उघड आहे. पण मातीचे नुकसान त्याहून दीर्घकाळ टिकते. काळ्या मातीतील चिकणमाती ही यंत्रातील राळेप्रमाणेच सोडियम धरून ठेवते. सोडियम बसला की मातीचे कण एकमेकांपासून सुटतात, छिद्रे बुजतात, पाणी मुरत नाही, आणि वाळल्यावर दगडासारखे ढेकूळ होते. अशी जमीन सुधारण्यासाठी जिप्सम घालावे लागते. त्यातील चुना सोडियमला हुसकून लावतो. यंत्रात मिठाने चुना घालविला, शेतात चुन्याने सोडियम घालवावयाचा, अशी ही उलटसुलट खटपट होते.

मऊ केलेले पाणीही याच कारणाने बागेस, रोपवाटिकेस किंवा पिकास देऊ नये. ठिबक संचाच्या तोट्या चुन्याने बुजतात हे खरे. पण त्यावर उपाय आम्ल प्रक्रियेचा आहे, मृदुजल यंत्राचा नाही.

मग सांडपाणी सोडावे कोठे? पूर्णपणे निर्दोष जागा खेड्यात नाही, हे मान्य केले पाहिजे. विहिरीजवळच्या शोषखड्ड्यात, शेणखताच्या उकिरड्यात किंवा गुरांच्या हौदाच्या वाटेवर ते मुळीच जाऊ देऊ नये. घरातील इतर सांडपाण्यात मिसळून, सौम्य करून, गावाच्या गटारात गेलेले त्यातल्या त्यात बरे. खरा उपाय मीठच कमी वापरण्याचा आहे. स्नान, धुणे, सौर बंब व डाळ शिजविणे यांपुरतेच पाणी मऊ करावे. गुरांचे पाणी, शौचालय, अंगण व बाग यांस यंत्रापूर्वीची चावी ठेवावी. त्याने यंत्रावरचा भार घटतो, राळ अधिक वर्षे टिकते आणि मिठाचा खर्च त्याच प्रमाणात उतरतो.

पिण्याचे पाणीही शक्यतो यंत्रापूर्वीच घ्यावे. दर १०० मिलिग्रॅम कठीणपणा जाताना लिटरमागे सुमारे ४६ मिलिग्रॅम सोडियम पाण्यात येतो. ५०० कठीणपणाचे पाणी मऊ केल्यास २३० मिलिग्रॅम. रक्तदाबाच्या किंवा मूत्रपिंडाच्या रोग्यास डॉक्टरांनी मीठ कमी करावयास सांगितले असेल तर ही मात्रा विसरून चालणार नाही. जड पाण्याने मुतखडा होतोच असे सिद्ध झालेले नाही, आणि जागतिक आरोग्य संघटनेने कठीणपणासाठी आरोग्यावर आधारित अशी मर्यादा घातलेली नाही. त्यातील चुना व मॅग्नेशियम शरीरास उपयोगीच असतात.

नळावर चुंबक बांधून पाणी मऊ करून देणारे विक्रेतेही बाजारात फिरतात. अशा वेळी विक्रेत्यासमोरच तीन बाटल्यांचा साबणाचा प्रयोग करावा. चुंबकातून गेलेल्या पाण्यातील चुना कमी होत नाही, त्यामुळे थेंबही तितकेच लागतात.

मऊ पाण्याचा सर्वांत स्वस्त साठा छपरावर येतो. ५० चौरस मीटर छपरावर १०० मिलिमीटर पाऊस पडला तर ५,००० लिटर पाणी मिळते. गळती व पहिले धुवण वगळले तरी ४,००० लिटर हाती लागण्यास हरकत नाही. पहिल्या एक-दोन सरींचे पाणी सोडून द्यावे व नंतरचे झाकणाच्या टाकीत घ्यावे. पावसाळ्याचे महिने धुण्यासाठी हे पाणी वापरले तर तेवढा काळ यंत्रास जवळजवळ विश्रांती मिळते.

राळ खरोखरच संपली असेल तेव्हाही टाकी, पिंप व झडप शाबूत असल्यास फक्त राळ बदलावी. जुनी राळ शेतात किंवा उकिरड्यावर टाकू नये. पोत्यात बांधून कचरा संकलनात द्यावी. टाकीच्या तळाची वाळू-खडी धुऊन पुन्हा भरावी, जाळी पाहावी, आणि नवी राळ टाकीच्या सुमारे दोन तृतीयांश उंचीपर्यंतच घालावी, कारण उलट्या धुलाईत मण्यांना वर उसळण्यास जागा हवी असते. प्रथम येणारे पिवळसर पाणी निर्मळ होईपर्यंत सोडून द्यावे. राळ भरल्याची तारीख, तिचे लिटर, पाण्याचा कठीणपणा व दर वेळचे मीठ हे चार आकडे टाकीच्या अंगावर तैलरंगाने लिहून ठेवावेत.